टाकीच्या घावांवाचून

(द्वितीय वर्ष, कला)



गेल्या वर्षी जुलै महिन्यात आपल्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघाच्या निवडीसाठी चाळीस मुले मैदानावर जमली होती. चौथ्या दिवशी जिमखान्याच्या फलकावर बारा नावांची यादी लागली. उरलेली अठ्ठावीस मुले पुन्हा मैदानाकडे फिरकली नाहीत. त्या अठ्ठाविसांत मी एक होतो. यात कोणाचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. संघ बारा जणांचाच असतो आणि निवडलेले बाराही माझ्यापेक्षा सरस होते, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. पण त्या चार दिवसांतले मैदानाला घातलेले वीस-वीस फेरे, वाकून राहण्याची शिक्षा आणि दगडी जमिनीवर सोललेले गुडघे अजून आठवतात. यादी वाचून परत फिरताना एका अनुभवी खेळाडूने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समजुतीच्या स्वरात म्हटले, ‘‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, मित्रा.’’

ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकली आहे. शाळेत, तालमीत, घरात, जिथे कोणाला काही सोसायला लावायचे असते तिथे ती हटकून येते. मीही ती निमूटपणे मान्य केली होती. पुढे ग्रंथालयात एका निबंधासाठी क्रीडाविषयक मजकूर चाळताना अमेरिकेतील एका छोट्या महाविद्यालयाची हकिकत माझ्या वाचनात आली आणि या म्हणीविषयी मला प्रथमच शंका आली. त्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने साठ वर्षे एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली विजयाची परंपरा चालवली, आणि ती टाकीचे घाव शक्य तितके टाळून. हे कसे घडले, ते समजावून सांगण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

हा फुटबॉल कोणता?

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. त्यांचा फुटबॉल निराळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचे आणि प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. तसे जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचले की सहा गुण.

चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्याला धरून खाली पाडणे. कबड्डीतली पकड आपल्या परिचयाची आहे. तीच पकड, पण समोरून पूर्ण वेगाने धावत येणाऱ्या, डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना जाड गाद्या बांधलेल्या माणसाची करायची, अशी कल्पना केली म्हणजे हा खेळ किती दांडगा आहे ते ध्यानात येईल. साहजिकच असा खेळ शिकवायचा तर सरावही तितकाच दांडगा हवा, अशी तिकडच्या प्रशिक्षकांची पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती.

तिकडे महाविद्यालयीन फुटबॉलला अफाट लोकाश्रय आहे. मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडांगणांत लाखभर प्रेक्षक बसतात, आणि खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊन आणले जाते. परंतु १९७३ साली तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने आपल्या सभासद संस्थांचे तीन विभाग केले. त्यांतील तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. या विभागातला मुलगा प्रथम विद्यार्थी असतो. तो फी भरतो, परीक्षा देतो आणि दुपारनंतर खेळतो. आपली हकिकत या तिसऱ्या विभागातली आहे.

सोळा वर्षांचा प्रशिक्षक

जॉन गलार्डी यांचा जन्म १९२६ साली कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडाड या गावी झाला. वडील इटलीतून आलेले. १९४३ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांच्या शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकांना सैन्यात जावे लागले. दुसरा माणूस मिळेना, तेव्हा शाळेने संघच बंद करण्याचे ठरवले. संघाचा कप्तान असलेला जॉन त्या वेळी सोळा वर्षांचा होता. ‘मीच शिकवतो, पण संघ बंद करू नका,’ अशी त्याने गळ घातली, आणि शाळेने ती मानली.

अधिकार हाती येताच या मुलाने काय केले? खेळाडू म्हणून त्याला स्वतःला ज्या ज्या गोष्टींचा जाच वाटत होता, त्या त्याने एकेक करून काढून टाकल्या. निष्कारण फेरे बंद. अंग मोडून काढणाऱ्या कवायती बंद. त्या काळी सरावात पाणी पिणे अपायकारक समजत, तहानेने जीव कासावीस झाला तरी मुलांना पाणी मिळत नसे. जॉनने पाण्याची मुभा दिली. उरलेला वेळ त्याने डावपेच पुनःपुन्हा करून पाहण्यात घालवला. संघ जिंकू लागला.

मला या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते. आपल्याकडे सोसलेला माणूस अधिकारावर आला की बहुधा म्हणतो, ‘आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा.’ या मुलाने नेमका उलटा विचार केला.

पुढे स्वतःचे शिक्षण चालू असतानाही तो शाळेतल्या मुलांना शिकवत राहिला. १९४९ साली पदवी घेताच माँटाना राज्यातील कॅरल महाविद्यालयात त्याला प्रशिक्षकाची जागा मिळाली. तिथल्या चार हंगामांत २४ विजय, ६ पराभव आणि १ बरोबरी अशी कामगिरी झाली. १९५३ साली सव्वीस वर्षांचे गलार्डी मिनेसोटा राज्यातील सेंट जॉन्स या संस्थेत आले. बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी १८५७ साली स्थापन केलेली ही मुलांची संस्था कॉलेजव्हिल येथे, वनराई आणि तळ्यांच्या सान्निध्यात आहे. त्यांच्या आधीचे प्रशिक्षक जॉनी मॅकनॅली हे व्यावसायिक फुटबॉलमधले नामांकित खेळाडू होते. त्यांच्या जागी एक तरुण, फारसे नाव नसलेला माणूस आला आणि २०१२ सालापर्यंत तिथेच राहिला. साठ हंगाम!

नकारांची यादी

गलार्डी यांची पद्धत सांगायची तर ती नकारांचीच यादी होते. सरावात प्रतिस्पर्ध्याला खाली पाडायचे नाही. शिट्टी वाजवायची नाही. माणसांऐवजी ढकलायचे लोखंडी सांगाडे वापरायचे नाहीत. वजने उचलण्याची सक्ती नाही. सराव दीड तासाहून अधिक नाही. शिक्षा म्हणून फेरे नाहीत. नवीन मुलांची छळवणूक नाही. अतिथंडी, पाऊस किंवा डास असले तर बाहेर सराव नाही. हो, डासदेखील! त्या तळ्यांच्या प्रदेशात डास फार. प्रशिक्षकाला ‘कोच’ म्हणायचे नाही, नुसते ‘जॉन’ म्हणायचे. एकच कप्तान नाही, शेवटच्या वर्षाचे खेळाडू पाळीपाळीने कप्तान होत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवडचाचणीत कोणाला वगळायचे नाही. जो येईल तो संघात. त्यामुळे संघाची संख्या पुष्कळदा दीडशेच्या वर जाई.

ही यादी प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले. हा सराव की सहल? परंतु बारकाईने पाहिले म्हणजे प्रत्येक नकारामागे हिशेब दिसतो.

सरावात पाडापाडी का नाही? महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला पकड कशी करायची ते शाळेपासून ठाऊक असते. ती पुन्हा पुन्हा करून त्याचे कौशल्य थोडे वाढेल, पण गुडघा किंवा खांदा निखळण्याची भीती त्याहून अधिक. तिसऱ्या विभागात शिष्यवृत्ती देऊन दुसरा खेळाडू विकत आणता येत नाही. तेव्हा शनिवारच्या सामन्याला आपली सर्व माणसे धडधाकट उतरणे हाच मोठा फायदा.

मग दीड तास करायचे काय? तर डाव. आपल्या प्रत्येक डावात कोणी कोठे, किती पावलांवर, कोणत्या क्षणी असावे, हे पुनःपुन्हा करून पाहायचे. प्रतिपक्षाची मांडणी पाहून त्याचा पुढचा डाव ओळखायचा. सेंट जॉन्सचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याहून बलदंड नसत, पण चुका कमी करत. अंगमेहनतीऐवजी अचूकपणाला किंमत दिल्यामुळे वेळ कमी लागला आणि मुलांना अभ्यासालाही अवधी उरला. म्हणजे सराव सोपा नव्हता. त्याची अवघड बाजू फक्त निराळी होती. चूक झाली तर फेरे मारून सुटका नव्हती, तो डाव बरोबर होईपर्यंत करावा लागे.

कोणालाच वगळायचे नाही, याचा हिशेब तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. अठराव्या वर्षी कोण कसा खेळतो यावरून तो एकविसाव्या वर्षी काय करील ते सांगता येत नाही. जो मुलगा पहिल्या वर्षी मागे बसून नुसते पाहतो, तो तीन वर्षे तेच डाव पाहत आणि करत असतो. वरच्या वर्गातले खेळाडू पदवी घेऊन गेले की त्यांच्या जागी येणारा मुलगा नवखा नसतो. परंपरा म्हणतात ती हीच. एखादा असामान्य खेळाडू चार वर्षांत निघून जातो. त्याने जे केले ते पुढच्याला ठाऊक असेल तरच संघ टिकतो. अर्थात दीडशेच्या दीडशे मुलांना महत्त्वाच्या सामन्यात खेळायला मिळे असे नव्हे. पुष्कळांना ते कधीच मिळाले नसेल. परंतु मैदानाचे दार त्यांना बंद नव्हते.

फळ काय मिळाले?

एखादी पद्धत कितीही प्रेमळ असली तरी संघ हरत असेल तर तिचे कौतुक कोण करील? म्हणून आकडे पाहू. शिक्षक म्हणून गलार्डी यांच्या महाविद्यालयीन कारकिर्दीची एकूण नोंद ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरी अशी आहे. म्हणजे चार सामन्यांतले तीन जिंकले. अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर याहून अधिक विजय नाहीत. सेंट जॉन्सने त्यांच्या काळात आपल्या प्रादेशिक गटाचे विजेतेपद २७ वेळा, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद १९६३, १९६५, १९७६ व २००३ असे चार वेळा मिळवले.

यांतील २००३ चा हंगाम विशेष सांगण्यासारखा आहे. त्यापूर्वी सर्वाधिक विजयांचा मान लुइझियानातील ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे थोर प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांच्याकडे होता. त्यांचे विजय ४०८. ८ नोव्हेंबर २००३ रोजी सेंट जॉन्सने बेथेलचा २९-२६ असा निसटता पराभव केला आणि गलार्डी यांचा ४०९ वा विजय नोंदला गेला. त्या वेळी त्यांचे वय ७७ होते.

पुढे अंतिम सामन्यात गाठ पडली ती ओहायो राज्यातील माऊंट युनियन महाविद्यालयाशी. लॅरी केरेस यांचा हा संघ म्हणजे तिसऱ्या विभागातला कर्दनकाळच. १९९६ सालापासून त्यांनी ओळीने ५४ सामने जिंकले, १९९९ मध्ये एक सामना गमावला आणि पुन्हा ओळीने ५५ जिंकले. एकशे दहा सामन्यांत एकच पराभव! २००० सालच्या अंतिम सामन्यात याच संघाने सेंट जॉन्सला १०-७ असे हरवलेले होते. २० डिसेंबर २००३ रोजी व्हर्जिनियातील सेलम येथे हे दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. सामन्यात माऊंट युनियनचे खेळाडू गुण मिळवण्याच्या बेतात, अगदी रेषेजवळ पोचले असताना सेंट जॉन्सच्या बचावपटूने त्यांचा चेंडू मध्येच हिसकावला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, शंभर यार्ड धावत नेला. सेंट जॉन्स २४, माऊंट युनियन ६. ज्यांना सरावात कोणी खाली पाडत नव्हते त्यांनी देशातली सर्वांत लांब विजयमालिका खंडित केली.

दुसरी बाजू

एवढ्यावरून गलार्डी यांचीच पद्धत खरी आणि बाकीच्या खोट्या, असा निष्कर्ष मी काढणार नाही. केरेस यांची १९८६ ते २०१२ या काळातली नोंद ३३२ विजय, २४ पराभव आणि ३ बरोबरी अशी आहे, आणि माऊंट युनियनने तेरा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आहेत. म्हणजे जिंकण्याचे मार्ग अनेक आहेत. शिवाय गलार्डी यांच्या शेवटच्या एक-दोन हंगामांत सेंट जॉन्सचा पूर्वीचा जोर राहिला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. मला एवढेच म्हणायचे आहे की, जिंकण्यासाठी छळ अपरिहार्य आहे हे म्हणणे सेंट जॉन्सने साठ वर्षांत खोटे पाडले. ज्याला छळ करायचाच असेल त्याने तो खुशाल करावा, पण विजयाचे नाव पुढे करू नये.

गलार्डी यांच्यानंतर परंपरा तुटली का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०१३ मध्ये सूत्रे गॅरी फॅशिंग यांच्याकडे आली. ते याच संघाचे जुने खेळाडू आणि पुढे सहायक प्रशिक्षक. तिसऱ्या विभागातील सर्वोत्तम खेळाडूला १९९३ पासून गलार्डी यांच्याच नावाचा चषक दिला जातो. २०१८ मध्ये तो सेंट जॉन्सच्या जॅक्सन एर्डमनला मिळाला, आणि २०१९ मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. २०१८ सालीच, वयाच्या ९१ व्या वर्षी, गलार्डी निवर्तले.

आणखी एक गोष्ट. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूला कायमची इजा होते, हे गेल्या काही दशकांत वैद्यकाने दाखवून दिले. त्यानंतर इतरांचेही डोळे उघडले. डार्टमथ महाविद्यालयाने २०१० मध्ये सरावातली पाडापाडी बंद केली, आणि २०१६ मध्ये हार्वर्ड, येल यांच्यासह त्या गटातील आठही संस्थांनी हंगामातल्या सरावापुरता तसा निर्णय घेतला. ज्या नियमाला लोक एके काळी हसत होते तो आता शहाणपणाचा ठरला आहे.

आण्णांचे मत

माझे वडील पाथरवट आहेत. पाटे-वरवंटे, जाती, देवळांच्या पायऱ्या ते घडवतात. मिक्सर आल्यापासून पाट्याला गिऱ्हाईक फारसे उरले नाही, पण टाकीचे काम चालू आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना ही सगळी हकिकत सांगितली. अमेरिका, यार्ड, अजिंक्यपद यांतले त्यांना किती कळले ते मला ठाऊक नाही. शेवटी मी ती म्हण काढली आणि विचारले, ‘‘आण्णा, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे खरं का?’’

त्यांनी हातातले काम थांबवले नाही. म्हणाले, ‘‘ही म्हण दगड घडवणाऱ्यानं केलेली नाही. घाव कुठं घालायचा नाही हे ज्याला कळतं तो पाथरवट. बाकीचे खडी फोडणारे.’’

मी गप्प बसलो. इतकी वर्षे ती टाकी रोज पाहत होतो, पण हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

तेव्हा प्राध्यापकवर्ग आणि जिमखान्याचे पदाधिकारी यांच्यापुढे एक नम्र सूचना मांडतो. येत्या जुलैत बारा नावांची यादी जरूर लावावी. पण तिच्याखाली एक ओळ लिहावी, ‘ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांनीही रोज पाच वाजता सरावास यावे.’ यासाठी जादा खर्च नाही, मैदान तेच आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण एस.टी.ने ये-जा करतात, सगळ्यांना रोज थांबता येणार नाही. तरी अठ्ठाविसांतले दहा आले तरी पुढल्या वर्षीच्या संघाला दहा माणसे तयार मिळतील. निदान मी तरी येईन. शेवटची गाडी पावणेसातला आहे.